गुणोत्तर लिहायचं कसं? आधी शब्द, मग अंक

२२ कॅरेटच्या दागिन्यात शुद्ध सोनं आणि त्यात मिसळलेला धातू यांचं गुणोत्तर किती, असं विचारलं की बरेच जण २२ : २४ लिहून मोकळे होतात. एखादा हुशार गडी त्याला २ नं भागून ११ : १२ असं नीटनेटकंही करून देतो. भागाकार बरोबर, उत्तर चूक. कॅरेटच्या हिशेबात पूर्ण दागिना २४ भाग धरतात. त्यातले २२ भाग सोनं, मग मिसळलेला धातू उरला २ भाग. विचारलं होतं सोनं आणि मिसळ यांच्याबद्दल, म्हणून गुणोत्तर २२ : २, म्हणजेच ११ : १. वर आलेलं ११ : १२ हे सोन्याचं पूर्ण दागिन्याशी असलेलं गुणोत्तर आहे. तेही खरंच आहे, फक्त ते कुणी विचारलं नव्हतं.

गुणोत्तराची उदाहरणं चुकतात ती बहुतेक वेळा अशी, आकडेमोड सुरू व्हायच्या आधीच. मसावि काढता येतो, भाग देता येतो, पण कुणाची तुलना कुणाशी चालली आहे हेच हातून निसटतं. म्हणून या लेखात आकडेमोडीला लागेल तेवढीच जागा दिली आहे आणि मांडणीवर जास्त वेळ घालवला आहे. सहावीतल्या मुलांना शिकवणारे पालक, स्कॉलरशिपची तयारी करणारी मुलं आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्पर्धा परीक्षेकडे वळलेले, सगळ्यांनाच ते उपयोगी पडावं.

तुलना दोन तऱ्हांची

वडील ३० वर्षांचे आणि मुलगी ६ वर्षांची. त्यांच्या वयांची तुलना वजाबाकीनं केली तर वडील २४ वर्षांनी मोठे. भागाकारानं केली तर वडिलांचं वय मुलीच्या पाचपट. या दुसऱ्या तुलनेला गुणोत्तर म्हणतात आणि ते ३० : ६ किंवा ५ : १ असं लिहितात. वाचताना 'पाचास एक'. डावीकडचं पद ते पूर्वपद, उजवीकडचं ते उत्तरपद. अपूर्णांकाच्या रूपात लिहायचं तर पूर्वपद अंशात आणि उत्तरपद छेदात जातं, ३०/६. छेदात शून्य चालत नाही, तसं उत्तरपदही शून्य चालत नाही.

आता सहा वर्षं पुढे जाऊ. वडील ३६, मुलगी १२. अंतर तेच २४, गुणोत्तर मात्र ३ : १ झालं. आणखी बारा वर्षांनी ४८ आणि २४, म्हणजे २ : १. दोन्ही बाजूंना सारखी संख्या मिळवली की अंतर टिकतं आणि गुणोत्तर बदलतं. उलट दोन्ही बाजूंना सारख्याच संख्येनं गुणलं की गुणोत्तर टिकतं आणि अंतर बदलतं. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद हे इडलीचं प्रमाण दुप्पट पाहुण्यांसाठी सहाला दोन होतं. त्या दोन वाट्यांतलं अंतर दोनाचं चार झालं, पीठ मात्र तेच राहिलं. 'दोन्हीकडे एकेक वाटी वाढवू' म्हणून चाराला दोन घातलं, तर ते २ : १ झालं आणि इडलीचा पोत बिघडला. एवढा फरक पक्का बसला की पुढची निम्मी उदाहरणं सोपी जातात.

पायरी १: वाक्य वाचा आणि अंकांच्या डोक्यावर शब्द लिहा

मराठीत गुणोत्तराचा प्रश्न साधारण एकाच साच्यात येतो: 'अमुकचे तमुकशी गुणोत्तर काढा.' ज्याला 'चे' लागलं ते पूर्वपद, ज्याला 'शी' लागलं ते उत्तरपद. प्रश्न 'मुली आणि मुलगे यांचे गुणोत्तर' अशा शब्दांत असेल तर ज्या क्रमानं नावं आली त्याच क्रमानं पदं. वहीत पहिली ओळ अंकांची नको, शब्दांची हवी:

मुली : मुलगे
१८ : २४

वेळ वाचवायला मुलं नेमकी ही ओळ गाळतात, आणि नंतर संक्षिप्त रूपात आलेलं ३ : ४ हे कुणाचं कुणाशी आहे हे त्यांनाच आठवत नाही. आद्याक्षरं लिहायची तर सावध राहावं. 'मु : मु' लिहून काहीच कळत नाही.

क्रम किती महत्त्वाचा असतो याचा नमुना जनगणनेत सापडतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर १००० पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, गोव्यात ९७३, केरळात १०८४ आणि देशभरात ९४३. भारतात हे गुणोत्तर 'स्त्रिया : पुरुष' या क्रमानं, १००० पुरुषांना धरून सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत मात्र क्रम उलटा असतो: दर १०० स्त्रियांमागे पुरुष किती. आपला ९४३ हा आकडा तिकडच्या पद्धतीनं मांडायचा तर १००० × १०० ÷ ९४३, म्हणजे सुमारे १०६. आपल्याकडे आकडा १००० च्या खाली असला की स्त्रिया कमी. तिकडे १०० च्या वर असला की स्त्रिया कमी. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून क्रम न बघता निष्कर्ष काढला तर नेमका उलटा अर्थ हाती लागेल.

शाळेतलं उदाहरणही असंच. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. समजा प्राथमिक शाळेत १५० मुलं आणि ४ शिक्षक आहेत. विद्यार्थी : शिक्षक असं लिहिलं तर १५० : ४, म्हणजे ३७.५ : १. हे ३० : १ पेक्षा जास्त, म्हणून शिक्षक कमी पडतात, पाच हवेत. तेच शिक्षक : विद्यार्थी असं लिहिलं तर २ : ७५. गणिताच्या दृष्टीनं दोन्ही बरोबर, पण कायद्यातल्या आकड्याशी ताडून बघायला पहिलंच सोयीचं.

आणखी एक प्रश्न याच पायरीवर विचारून घ्यायचा: तुलना भागाची भागाशी आहे की भागाची पूर्णाशी? सोन्याचं उदाहरण इथलंच. १८ कॅरेटमध्ये सोनं : मिसळ हे १८ : ६ म्हणजे ३ : १, तर सोनं : पूर्ण दागिना हे १८ : २४ म्हणजे ३ : ४. हॉलमार्कवर कोरलेले ९१६ आणि ७५० हे आकडे दुसऱ्या प्रकारचे, हजार भागांत सोनं किती ते सांगणारे. २२ भागिले २४ करून बघा, ०.९१६६… येतं. १८ भागिले २४ केलं की ०.७५. भाग-भाग माहीत असेल तर बेरीज करून पूर्ण मिळतं (३ + १ = ४). भाग-पूर्ण माहीत असेल तर वजाबाकी करून उरलेला भाग मिळतो (४ − ३ = १). एकातून दुसऱ्यात जायला यापलीकडे काही लागत नाही.

पायरी २: एकक एक करा

४५ मिनिटांचं २ तासांशी गुणोत्तर ४५ : २ नव्हे. दोन्ही राशी एकाच एककात आल्याशिवाय तुलना होत नाही. २ तास म्हणजे १२० मिनिटं, म्हणून ४५ : १२० = ३ : ८. एकक एकसारखं झालं की ते गळून पडतं. उत्तरात '३ : ८ मिनिटे' असं लिहायचं नाही, नुसतं ३ : ८.

मोठ्या एककाचं लहान एककात रूपांतर करावं, म्हणजे अपूर्णांक टळतात. किलोचे ग्रॅम, मीटरचे सेंटिमीटर, रुपयांचे पैसे, वर्षांचे महिने. सगळ्यात जास्त घोटाळा वेळेत होतो. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास नव्हे, ८० मिनिटं. तसंच ४ वर्षं ६ महिने म्हणजे ४.६ वर्षं नव्हे, ५४ महिने. रुपये-पैशांत दशांश चिन्ह सरळ चालतं, कारण शंभर पैशांचा रुपया. तास साठ मिनिटांचा आणि वर्ष बारा महिन्यांचं, त्यामुळे तिथे चालत नाही.

राशीच वेगळ्या जातीच्या असतील, एक किलोमीटर आणि दुसरी तास, तर एकक एक करताच येत नाही. १८० किलोमीटर ४ तासांत, हा भागाकार अवश्य करावा. त्याचं उत्तर ताशी ४५ किलोमीटर हा दर झाला, आणि दराला एकक लिहावंच लागतं.

पायरी ३: संक्षिप्त रूप

दोन्ही पदांना मसाविनं भागलं की गुणोत्तर अतिसंक्षिप्त होतं. ८४ : १२६ चा मसावि ४२, म्हणून २ : ३. मसावि पटकन सुचत नसेल तर अडून बसू नये, टप्प्याटप्प्यानं भागत जावं: २ नं भागून ४२ : ६३, ३ नं भागून १४ : २१, ७ नं भागून २ : ३. परीक्षेत याला तेवढाच वेळ लागतो. थांबायचं कधी? १ सोडून दोन्ही पदांना भाग जाईल अशी एकही संख्या उरली नाही की.

पदं अपूर्णांक असतील तर छेदांच्या लसाविनं दोन्ही पदांना गुणा. ३/४ : ५/६ मध्ये लसावि १२, म्हणून ९ : १०. दशांश असतील तर आधी १० किंवा १०० नं गुणा: ०.७५ : १.२ हे ७५ : १२०, म्हणजे ५ : ८. इथे दोन्ही पदांना १०० नंच गुणायचं असतं. एकाला १०० आणि दुसऱ्याला १० नं गुणून ७५ : १२ लिहिलेलं वह्यांत हमखास दिसतं.

आपला राष्ट्रध्वज या पायरीच्या सरावाला फार चांगला. ध्वजाच्या लांबीचं उंचीशी गुणोत्तर ३ : २ ठरलेलं आहे. ध्वज ९०० × ६०० मिलिमीटरचा असो की ६३०० × ४२०० चा, संक्षिप्त रूप ३ : २ च यायला हवं. करून बघा. आता तिन्ही पट्टे सारख्या उंचीचे आहेत, तर एका पट्ट्याच्या लांबीचं त्याच्या उंचीशी गुणोत्तर काय? लांबी ३ भाग, उंची २ चा तिसरा हिस्सा म्हणजे २/३ भाग. ३ : २/३, दोन्ही पदांना ३ नं गुणून ९ : २. पडताळा: ९०० मिलिमीटर लांबीच्या ध्वजात पट्टा २०० मिलिमीटर उंच, ९०० : २०० = ९ : २. जमलं.

याच ध्वजावर आणखी एक. १८०० × १२०० चा ध्वज ९०० × ६०० च्या ध्वजाच्या लांबीला दुप्पट, म्हणून लांबींचं गुणोत्तर २ : १. मग कापडही दुप्पट लागेल? क्षेत्रफळं काढा: १८०० × १२०० आणि ९०० × ६००. उंचीही दुप्पट झाल्यामुळे गुणोत्तर ४ : १. कापड चौपट.

संक्षिप्त करू नये तेव्हा

शाळेत सगळीकडे संक्षिप्त करायची सवय लागते. बाहेर मात्र विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके दिसले की ते संक्षिप्त करायचंच, असं नसतं.

खताच्या पोत्यावरचे आकडे घ्या. १०:२६:२६ हे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं वजनातलं शेकडा प्रमाण आहे. ५० किलोच्या पोत्यात नत्र ५ किलो, स्फुरद १३ किलो आणि पालाश १३ किलो. बेरीज ३१ किलो, बाकीचे १९ किलो इतर घटक. आता १०:२६:२६ संक्षिप्त करून ५:१३:१३ लिहिलं तर तिघांची आपसातली तुलना शाबूत राहते, पण पोत्यात माल किती हे नाहीसं होतं. १९:१९:१९ आणि १५:१५:१५ ही दोन वेगळी खतं आहेत. संक्षिप्त केलं तर दोन्ही १:१:१. किलोमागे एकात १९० ग्रॅम नत्र मिळतं, दुसऱ्यात १५० ग्रॅम, आणि शेतकऱ्याला भाव ठरवताना तेच हवं असतं. म्हणजे हे भाग-भाग गुणोत्तर दिसत असलं तरी आतून तीन भाग-पूर्ण गुणोत्तरं आहेत, प्रत्येकाचं उत्तरपद १००.

लिंग गुणोत्तराचं ९२९ : १००० संक्षिप्त होतच नाही. १००० चे मूळ अवयव फक्त २ आणि ५, आणि ९२९ ला दोहोंनीही भाग जात नाही. पण समजा आकडा ९४० आला असता, तरी कुणी ४७ : ५० लिहिलं नसतं, कारण राज्याराज्यांची तुलना करायला सगळीकडे उत्तरपद सारखं ठेवणं सोयीचं. नकाशाचं प्रमाण १ : ५०,००० असं लिहितात तेही याच सोयीसाठी, पूर्वपद कायम १. फुटबॉलच्या सामन्याचा ४:२ हा निकाल तर गुणोत्तर नव्हेच.

टाइप करण्याबद्दल एक बारीक गोष्ट. मोबाइलवर मराठी कळफलकात विसर्ग हाताशी असतो आणि ३ः२ असं विसर्ग घालून लिहिलं जातं. दिसायला जवळपास तेच, पण ते चिन्ह वेगळं आहे आणि एक्सेलमध्ये किंवा शोधताना अडचण करतं. अपूर्णविरामाचं चिन्ह वापरावं आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावी, म्हणजे ते घड्याळातली वेळ वाटत नाही.

तीन पदं आणि दोन गुणोत्तरांची सांधणी

बांधकामावर गवंडी 'एकास चारचा माल' म्हणतो तेव्हा एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. काँक्रीटमध्ये खडी आली की तीन पदं होतात. एम २० प्रतीच्या काँक्रीटसाठी सर्रास वापरलं जाणारं प्रमाण १ : १.५ : ३, सिमेंट : वाळू : खडी. पूर्णांकात हवं तर दोननं गुणून २ : ३ : ६. साइटवर हे सहसा मापानं मोजतात, वजनानं नाही. ५० किलो सिमेंटच्या पोत्याचं आकारमान सुमारे ३५ लिटर धरलं, तर त्याला वाळू ५२.५ लिटर आणि खडी १०५ लिटर. एक भाग किती मोठा, हे गुणोत्तर सांगत नाही. ते आपण ठरवायचं, पण एकदा ठरलं की तिन्ही पदांना तेच माप. सिमेंट पोत्यानं आणि वाळू घमेल्यानं मोजायची असेल, तर पोत्यात किती घमेली बसतात हे आधी ठाऊक हवं. नाहीतर ती पायरी २ मधलीच चूक.

दोन गुणोत्तरं एका दुव्यानं जोडायची वेळ परीक्षेत नेहमी येते. घरच्या मसाल्यात मिरची : धने = २ : ३ आणि धने : जिरं = ४ : १. तिघांचं मिळून काय? दुवा धन्यांचा. एकीकडे धने ३ भाग, दुसरीकडे ४ भाग. दोन्हीकडचे भाग वेगवेगळ्या आकाराचे आहेत, म्हणून २ : ३ : १ असं चिकटवता येत नाही. ३ आणि ४ चा लसावि १२. पहिल्याला ४ नं गुणा, ८ : १२. दुसऱ्याला ३ नं गुणा, १२ : ३. आता धने दोन्हीकडे १२, म्हणून मिरची : धने : जिरं = ८ : १२ : ३. मिरची ४०० ग्रॅम घेतली तर धने ६०० आणि जिरं १५० ग्रॅम.

वाटणी

वाड्यातल्या तीन बिऱ्हाडांनी मिळून ३,६०० रुपयांचं पाणी टँकरनं मागवलं आणि माणशी खर्च करायचं ठरलं. माणसं ५, ३ आणि ४. गुणोत्तर ५ : ३ : ४, भागांची बेरीज १२. एक भाग ३६०० ÷ १२ = ३०० रुपये. म्हणून १,५००, ९०० आणि १,२००. पडताळ्याला तिन्हींची बेरीज करायची, ३,६०० आली पाहिजे. 'एक भाग' काढणं हीच सगळ्या वाटणीच्या उदाहरणांची किल्ली.

बेरजेऐवजी फरक दिला असेल तर? दोन संख्या ७ : ४ या गुणोत्तरात आहेत आणि त्यांच्यातला फरक ३६. इथे ११ नं भागायचं नाही. फरक ७ − ४ = ३ भागांचा आहे, ३ भाग म्हणजे ३६, एक भाग १२. संख्या ८४ आणि ४८. दिलेली रक्कम किती भागांची, हा प्रश्न विचारला की बेरीज घ्यायची की वजाबाकी हे आपोआप कळतं.

भागीदारीत रकमेबरोबर काळही धरावा लागतो. दोघांनी उन्हाळ्यात रसवंती टाकली. पहिल्यानं ४०,००० रुपये सहा महिन्यांसाठी गुंतवले. दुसरा दोन महिन्यांनी आला, पण ६०,००० घेऊन, आणि शेवटपर्यंत चार महिने राहिला. नुसत्या रकमा बघितल्या तर २ : ३. रक्कम गुणिले महिने केलं तर ४०,००० × ६ आणि ६०,००० × ४, दोन्हीकडे २,४०,०००. गुणोत्तर १ : १. मोसमाअखेर ५४,००० नफा झाला तर प्रत्येकाला २७,०००. पहिल्यानं रसवंती चालवायला घातलेल्या मेहनतीचे पैसे वेगळे द्यायचे की नाही, ते आधीच ठरवलेलं बरं. गणित ते ठरवत नाही.

एक पद माहीत नसेल तेव्हा

दोन गुणोत्तरं समान असली की ते प्रमाण, आणि चारपैकी तीन संख्या माहीत असल्या की चौथी सापडते. जुन्या पिढीनं हे त्रैराशिक म्हणून घोकलेलं असतं. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटानं हाच नियम दिला आहे: फळाला इच्छेनं गुणा आणि प्रमाणानं भागा (इथे प्रमाण म्हणजे माहीत असलेली राशी, फळ म्हणजे तिच्यामागे मिळणारं, इच्छा म्हणजे जिच्याबद्दल विचारलं ती राशी). आजच्या पाठ्यपुस्तकातला तिर्यक गुणाकार, म्हणजे एका अपूर्णांकाचा अंश दुसऱ्याच्या छेदानं गुणणं, हा तोच हिशेब.

नकाशाचं प्रमाण १ : ५०,००० असेल तर नकाशावरचे ७ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ७ × ५०,००० = ३,५०,००० सेंटिमीटर. शंभरनं भागून ३,५०० मीटर, म्हणजे साडेतीन किलोमीटर. उदाहरण मांडताना वरच्या ओळीत 'नकाशा : जमीन' लिहिलेलं असेल तर दोन्ही ओळींत क्रम तोच राहतो. एका ओळीत नकाशा : जमीन आणि दुसरीत जमीन : नकाशा झालं की तिर्यक गुणाकार बरोबर करूनही उत्तर भलतंच येतं.

कोणतं गुणोत्तर मोठं, हे ठरवायलाही तिरकाच गुणाकार. एका सरबतात ४ पेले पाण्याला ३ चमचे साखर, दुसऱ्यात ७ पेल्यांना ५ चमचे. ३/४ आणि ५/७ यांची तुलना: ३ × ७ = २१, ५ × ४ = २०. पहिलं जास्त, म्हणून पहिलं सरबत गोड, पण जिभेला कळेल इतका फरक नाही. पेल्यामागे बघायचं तर ०.७५ चमचा आणि साधारण ०.७१ चमचा. चमचे आणि पेले ही वेगळी मापं, म्हणून हा पाण्याच्या पेल्यामागचा दर आहे, टक्केवारी नव्हे, हे विसरू नये.

सरावासाठी, उत्तरांसह

२ तास १५ मिनिटांचे ४५ मिनिटांशी गुणोत्तर: १३५ : ४५ = ३ : १.

१८ कॅरेटच्या १२ ग्रॅम वजनाच्या अंगठीत शुद्ध सोनं किती? सोनं : मिसळ = ३ : १, भाग ४, एक भाग ३ ग्रॅम. सोनं ९ ग्रॅम, मिसळ ३ ग्रॅम.

१ : ५०,००० च्या नकाशावर १ चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती? बाजू अर्धा किलोमीटर, म्हणून क्षेत्रफळ ०.५ × ०.५ = ०.२५ चौरस किलोमीटर, म्हणजे २५ हेक्टर. ध्वजाच्या कापडाचं उदाहरण इथे कामी येतं.

४८ जणांच्या वर्गात मुली : मुलगे = ५ : ७. चार मुली नव्यानं आल्या. आताचं गुणोत्तर? आधी प्रत्यक्ष संख्या काढायला हव्यात: १२ भाग, एक भाग ४, मुली २० आणि मुलगे २८. आता २४ : २८ = ६ : ७. गुणोत्तरातल्या ५ मध्ये थेट ४ मिळवून ९ : ७ लिहिलं तर चार मुलींऐवजी चार भाग, म्हणजे सोळा मुली वर्गात घुसतात.

शेवटचं जरा वेळ देऊन सोडवा. सारख्याच मापाचे दोन पेले. एकात कोकम सिरप : पाणी = १ : ३, दुसऱ्यात १ : ४. दोन्ही एका तांब्यात ओतले. तांब्यात सिरप : पाणी किती? चटकन सुचणारं उत्तर २ : ७. पण पहिल्या पेल्यात चार भाग आहेत आणि दुसऱ्यात पाच, म्हणजे पेला सारखा असूनही भागांचं माप वेगळं. पेला २०० मिलिलिटरचा धरा. पहिल्यात सिरप ५०, पाणी १५०. दुसऱ्यात सिरप ४०, पाणी १६०. तांब्यात ९० : ३१०, म्हणजे ९ : ३१. पेल्याचं माप २०० ऐवजी ३०० किंवा १००० घेतलंत तरी हेच येईल. २ : ७ खरं ठरायचं असेल तर दुसरा पेला पहिल्यापेक्षा मोठा हवा, आणि किती मोठा हेही भागांवरूनच सांगता येतं: पहिला ४ भागांचा, दुसरा ५ भागांचा, म्हणजे पेल्यांचं गुणोत्तर ४ : ५.